गुण असणे आणि गुण येणे

१

एखादी कलाकृती चांगली आहे असे आपण म्हणतो तेव्हा तो चांगुलपणा नेमका कोठे असतो, ह्या प्रश्नाने आपल्या समीक्षेला पुष्कळ गुंतवून ठेवले आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये तो कलाकृतीच्या घाटात, संवाद, विरोध आणि समतोल ह्यांच्या लयीत शोधला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) असे दाखवून दिले, की कलेविषयीचा आपला विचार लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांच्या ताणात चालतो. ह्या साऱ्या वादात एक गोष्ट मात्र बहुधा गृहीत धरलेली असते. कलाकृतीचा प्रश्न अवघड असला तरी साधनाचा प्रश्न सोपा आहे, असे ते गृहीतक आहे. चाकू चांगला म्हणजे नीट कापणारा. छत्री चांगली म्हणजे न गळणारी. साधनाला बाहेरून दिलेला हेतू असतो. तो साधला की साधन चांगले ठरते. कलाकृतीला असा हेतू नसतो, म्हणून तिच्यापाशी अडचण सुरू होते.

प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहावयाचे आहे. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या पुस्तकात ते थोडेसे तपासले होते. बासरी चांगली की वाईट हे बासरी घडवणाऱ्याला नव्हे, ती वाजवणाऱ्याला कळते, आणि घडवणाऱ्याने त्याचे ऐकावे, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे साधनाचा गुण साधनाकडे नुसते बघून ठरत नाही, त्याला वापराची साक्ष लागते. परंतु वापरणारा तरी एकटा असतो काय? बासरीला सूर धरणारी हवा लागते आणि ऐकणारे कान लागतात. ही पुढची पायरी प्लेटोने घेतली नाही.

ती घेण्यासाठी मी उदाहरण निवडले आहे ते स्की ह्या साधनाचे. पायांना बांधावयाच्या ह्या दोन लांब पट्ट्या मराठी वाचकाच्या अनुभवात सहसा नसतात, आणि नेमके त्यामुळेच त्यांच्याकडे सवयीने बोथट न झालेल्या नजरेने पाहता येते. दुसरे कारण असे, की पर्वत चढून पुन्हा निघालो तेथेच उतरणाऱ्या माणसाचा हेतू काय, हे सांगणे अवघड आहे. म्हणून 'हेतू साधला की साधन चांगले' हे सूत्र येथे लगेच अडखळते. तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. साधन आणि सरकणे ह्यांविषयी विसाव्या शतकात ज्यांनी मूलगामी विचार केला त्यांपैकी मार्टिन हायडेगर स्वतः हौसेने स्की करीत असे, आणि ज्याँ-पॉल सार्त्रने आपल्या मुख्य ग्रंथात स्कीइंगवर काही पाने खर्च केली आहेत. तेव्हा हा विषय तत्त्वज्ञानाच्या अंगणातलाच आहे.

२

ह्या विचाराला एक गाव पुरे होईल. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात सुमारे १,५६० मीटर उंचीवर वसलेले दाव्होस हे ते गाव होय. एकोणिसाव्या शतकात क्षयरोग्यांची आरोग्यधामे म्हणून ते प्रसिद्धीस आले. पत्नीच्या क्षयामुळे तेथे राहिलेल्या आर्थर कॉनन डॉइलने मार्च १८९४ मध्ये तेथील ब्रांगर बंधूंच्या सोबतीने माइएनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून अरोझा हे गाव स्कीवरून गाठले आणि त्याचे वर्णन त्याच वर्षी 'स्ट्रँड' मासिकात लिहिले. एका तीव्र उतारावर स्की काढून, त्या एकत्र बांधून, त्यांची घसरगाडी करून उतरण्याची वेळ आली. डॉइलच्या स्की निसटून एकट्याच खाली गेल्या, आणि शेरलॉक होम्सच्या जनकाला बैठकीवर घसरत उतरावे लागले. शिंप्याने ज्या लोकरी कापडाच्या अभेद्यतेची हमी दिली होती त्या कापडाचे नमुने खिंडीपासून अरोझापर्यंत पसरले आहेत, असा विनोद त्याने केला आहे.

हा विनोद आपल्या प्रश्नाच्या जवळचा आहे. शिंप्याची हमी खोटी नव्हती. दुसऱ्या कोठल्या तरी जगाविषयी ती खरी होती. लंडनच्या रस्त्यावर जे कापड टिकाऊ असते तेच मार्च महिन्यातल्या कडक हिमावर फाटते. ह्यावरून कापड वाईट ठरते असे कोणी म्हणणार नाही, आणि ते चांगले आहे असेही म्हणता येणार नाही. 'चांगले' हे विशेषण येथे लोंबकळत राहते.

पुढे १९२४ मध्ये टोमास मानची 'द मॅजिक माउंटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे स्थळ दाव्होसच आहे. तिचा नायक हान्स कास्टोर्प आरोग्यधामाचे नियम चुकवून स्की विकत घेतो, चोरून सराव करतो आणि हिमवादळात सापडतो. पुष्कळ धडपड करून तो ज्या गवताच्या खोपटापाशी पोहोचतो, ते आपण मघाशी मागे टाकलेलेच होते हे त्याच्या ध्यानात येते. त्याच्या स्कीमध्ये काहीही दोष नसतो. त्या त्याला व्यवस्थित वाहून नेतात, आणि संकटात नेतात तेही तितक्याच व्यवस्थितपणे.

आणि १७ मार्च ते ६ एप्रिल १९२९ ह्या काळात त्याच दाव्होसमध्ये ती विख्यात विद्यापीठ-परिषद भरली, जिच्यात हायडेगर आणि एर्न्स्ट कासिरेर ह्यांच्यात कांटच्या अन्वयार्थावरून वाद झाला. तेव्हा गावावरच्या पार्सेन उतारांकडे जाणारी रेल्वे नव्हती; ती १९३१-३२ मध्ये झाली. दोरीला धरून वर ओढले जाण्याचे यंत्र दाव्होसला १९३४ मध्ये आले. म्हणजे १९२९ मध्ये उतरावयाचे तर आधी चढावे लागे: स्कीच्या तळाला केसाळ कातडे बांधून, जे पुढे सरकू देते आणि मागे घसरू देत नाही. व्याख्यानांच्या मधल्या वेळात हायडेगर कुर्ट रिट्झलरबरोबर पर्वतावर जात असे आणि संध्याकाळी उंची पोशाखातल्या मंडळींत स्कीच्याच कपड्यांत वावरत असे. ही हकीकत त्याच्याच पत्रव्यवहारातून आपल्याला कळते, आणि तिच्यात त्याला वाटणारा अभिमान लपत नाही.

३

त्यापूर्वी दोनच वर्षे, १९२७ मध्ये, 'सत्ता आणि काल' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यात 'त्सॉइग' ह्या जर्मन शब्दाला पारिभाषिक महत्त्व आहे. सामान, सामग्री, अवजार ह्या तिन्ही छटा त्या शब्दात आहेत. हायडेगरचे प्रतिपादन थोडक्यात असे: एकटे साधन असे काही नसतेच. हातोडी खिळ्याकडे निर्देश करते, खिळा फळीकडे, फळी घराकडे आणि घर त्यात राहणाऱ्याकडे. ह्या निर्देशांच्या जाळ्यात साधनाला साधनपण प्राप्त होते. जोवर काम सुरळीत चालते तोवर हातोडी आपल्या लक्षातही येत नाही. ती मोडली, हरवली किंवा आड आली म्हणजेच ती 'वस्तू' म्हणून समोर उभी राहते.

ह्यातून साधनाच्या गुणाची एक व्याख्या सहज निघते. चांगले साधन म्हणजे जे लक्षातून नाहीसे होते ते. बूट पायाला लागत नाही, पट्टा करकरत नाही, वजन जाणवत नाही. गेल्या शंभर वर्षांतल्या स्कीच्या इतिहासाकडे पाहिले तर तो ह्या नाहीसे होण्याचाच इतिहास वाटतो. साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेट्नरने १९२६ मध्ये लाकडी स्कीला पोलादी कडा बसवण्याचे स्वामित्वहक्कपत्र घेतले आणि कडक हिमावर निसटणारी पट्टी पकड घेऊ लागली. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने दोन बारीक खुंट्यांवर बूट अडकवणारा बांध तयार केला, आणि चढताना प्रत्येक पावलागणिक उचलावे लागणारे लोखंडाचे ओझे जवळजवळ गेले. चढणाऱ्याला आज पायातले साधन विसरता येते.

ही व्याख्या आकर्षक आहे, आणि साहित्यविचाराला ती ओळखीची वाटेल. शब्द नाहीसे होऊन अर्थच उरावा, अशी अपेक्षा आपणही पारदर्शक शैलीकडून करतो. परंतु ती अपुरी आहे असे मला वाटते. हायडेगरने आपले उदाहरण कार्यशाळेतून घेतले, डोंगरावरून घेतले नाही, ही गोष्ट सूचक आहे. कार्यशाळेत निसर्ग येतो तो साधनांच्या मार्फत: अरण्य म्हणजे लाकूड, डोंगर म्हणजे दगडाची खाण, वारा म्हणजे शिडात भरणारा वारा. हे त्यानेच नोंदवले आहे. कार्यशाळेत साहित्य आधीच निवडलेले, वाळवलेले, हाताजोगे असते. ते रोज सकाळी आपला स्वभाव बदलत नाही. हिम बदलते, आणि वसंत ऋतूत तर ते तासागणिक बदलते. जे साधन मला माझ्या साधनाचा विसर पाडते ते ह्या बदलाचाही विसर पाडीत असेल, तर त्याला चांगले म्हणावे काय?

४

येथे वसंतातल्या हिमाचा स्वभाव थोडा तपशिलाने सांगितला पाहिजे, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मार्च-एप्रिलमध्ये आल्प्सच्या उतारांवरचे हिम दिवसा उन्हाने वितळू लागते आणि रात्री गोठते. आकाश निरभ्र असेल तर हिमाचा पृष्ठभाग आपली उष्णता अवकाशात टाकून देतो, आणि हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी पृष्ठभाग गोठू शकतो. आकाश ढगाळ असेल तर ही उष्णता अडते आणि रात्र वाया जाते. अशा अनेक दिवस-रात्रींच्या आवर्तनांनी हिमाचे नाजूक स्फटिक जाऊन त्यांच्या जागी जाडसर गोल कण तयार होतात. पहाटे हे कण बर्फाने एकमेकांना सांधलेले असतात आणि उतार फरशीसारखा टणक असतो. ऊन चढले की वरचा बोटभर थर सुटतो आणि खालचा पाया मात्र घट्ट राहतो. स्की करणारे ह्या अवस्थेला जर्मन भाषेत 'फिर्न' म्हणतात. तिच्यावरून उतरण्यासारखे सुख नाही, असे त्या सर्वांचे एकमत आहे. ती अवस्था फार वेळ टिकत नाही. आधी पूर्वेकडचे उतार, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे, असा तिचा क्रम असतो. त्यानंतर वितळलेले पाणी आत झिरपते, कणांचे सांधे सुटतात, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि ओल्या हिमाचे कडे ढासळू लागतात.

म्हणून वसंतातले पर्वतजीवन घड्याळाला बांधलेले असते. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या स्विस आल्पाइन क्लबच्या निवाऱ्यांत माणसे लवकर झोपतात आणि अंधारात उठतात. बूट दाराशी, सामान मोजके, आणि निघण्यापूर्वी वहीत नाव व पुढचा मुक्काम लिहावयाचा. दुपारच्या आत खाली असावे असा दंडक आहे. रात्र ढगाळ गेली असेल तर पहाटे बाहेर येऊन हिमावर काठी टोचून पाहावी आणि ती रुतली तर निमूटपणे पुन्हा पांघरुणात शिरावे, हीच जाणत्यांची रीत.

ह्या अवस्थेला आपल्या भाषेत शब्द नाही असे वाटेल. परंतु तिच्या जातीचा एक शब्द मराठी शेतकऱ्यापाशी आहे. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखल राहिलेली नाही आणि खडकही झालेली नाही, औत घालावे तर माती भुसभुशीत फुटते, अशा स्थितीला तो 'वापसा' म्हणतो. वापसा येतो. तो आणता येत नाही. वापसा येण्याआधी औत घातले तर ढेकळे होतात, आणि तो उडून गेल्यावर घातले तर फाळ वर वर ओरखडत जातो. औत उत्तम घडणीचे असेल, बैल खंदे असतील, तरी वापशाच्या आधी त्यांचा उपयोग नाही. शेतकरी बांधावर उभा राहून माती मुठीत दाबून पाहतो. त्याचे ज्ञान अवजाराविषयीचे आहे, मातीविषयीचे आहे आणि वेळेविषयीचे आहे. आणि ही तीन वेगवेगळी ज्ञाने नाहीत.

हिमाच्या वापशाचेही असेच आहे. स्कीचे सामान कितीही सुधारले तरी सकाळचे ते दोन-तीन तास लांबवता येत नाहीत. सुधारता येते ते वेगळेच. रुंद आणि हलकी पट्टी रुतणाऱ्या हिमावरही तरंगते आणि त्यामुळे, जेथून तासापूर्वीच निघावयास हवे होते तेथे आपण अजून मजेत आहोत असा भास देते. हिमाने दिलेला नकार ती आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. लाकडी पट्टीवर घसरणारा १८९४ मधला माणूस प्रत्येक पावलाला पर्वताचे ऐकत होता. त्याला गत्यंतर नव्हते. ह्यावरून जुने ते चांगले असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. पोलादी कडांनी अनेकांचे जीव वाचवले असतील. मुद्दा इतकाच की नाहीसे होणे हा साधनाचा गुण मानावयाचा असेल, तर साधन काय घेऊन नाहीसे होते, हेही विचारले पाहिजे. स्वतःचे ओझे घेऊन नाहीसे होणारी पट्टी आणि जगाचा नकार घेऊन नाहीशी होणारी पट्टी ह्या दोहोंत नैतिक भेद आहे.

५

सार्त्रने ह्या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. 'सत्ता आणि शून्यता' (१९४३) ह्या ग्रंथात, माणूस वस्तू आपलीशी करू पाहतो म्हणजे काय करतो, ह्याचा विचार करताना तो हिमाच्छादित उताराकडे वळतो. स्कीवर सरकणारा माणूस त्या उताराचा ताबा घेतो, परंतु त्यात शिरत नाही, रुजत नाही. वेगाच्या जोरावर तो पृष्ठभागाला एकसंध ठेवतो आणि तरीही आपला करून घेतो. रुजणे आणि सरकणे ह्यांना सार्त्रने परस्परविरोधी मानले. सरकण्याचा आदर्श म्हणजे मागे ठसा न उरणे. म्हणूनच मागे वळून आपल्या पट्ट्यांच्या रेषा पाहिल्यावर स्की करणाऱ्याला किंचित निराशा वाटते, असे सूक्ष्म निरीक्षणही त्याने नोंदवले आहे.

ह्या विवेचनात साधनाच्या गुणाची दुसरी व्याख्या दडलेली आहे. चांगले साधन म्हणजे जे ठसा न सोडता स्वामित्व देते ते. सरकण्याच्या ह्या आदर्शाची परिणती कोठे झाली हे पाहावयाचे असेल तर स्कीच्या तळाला लावावयाच्या मेणाचा अलीकडचा इतिहास पाहावा. वसंतातल्या ओल्या हिमावर पट्टी पाण्याच्या पातळ थराला चिकटू लागते. ही चिकट ओढ टाळण्यासाठी फ्लोरिनयुक्त मेण वापरले जाऊ लागले. पाण्याला दूर सारण्यात त्याची बरोबरी दुसऱ्या कशाला नव्हती, आणि शर्यतीत सेकंदाच्या अंशांनी निकाल लागत असल्यामुळे त्याचा गुण आकड्यांत सिद्ध होत होता. परंतु ज्या रासायनिक बंधामुळे ते इतके गुणी ठरले, त्याच बंधामुळे त्या वर्गातली द्रव्ये निसर्गात सहजी विघटन पावत नाहीत. पट्टीवरून झिजलेले मेण हिमात उतरते, आणि वसंतात हिम वितळले की ते ओढ्यात आणि मातीत जाते. मेण तापवून लावणाऱ्या कारागिरांच्या रक्तातही ही द्रव्ये आढळली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने ह्या मेणावरची बंदी २०१९ मध्ये जाहीर केली आणि २०२३-२४ च्या हंगामापासून ती स्पर्धांमध्ये पूर्णपणे अमलात आली.

ठसा न सोडण्याचा आदर्श आणि कधीही न पुसला जाणारा ठसा एकाच डबीत मिळाले, ही ह्या इतिहासातली विसंगती सार्त्रला सुचली नसती, कारण त्याच्या विवेचनात उतार हा एका जाणिवेसमोर पसरलेला शुभ्र पृष्ठभाग आहे. त्या उताराच्या खाली गाव नाही, ओढा नाही, मेण लावणारा कारागीर नाही. जूनमध्ये त्या हिमाचे काय होते हा प्रश्न त्यात उद्भवत नाही. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ ह्या दोन वर्षांत मिळून आपल्या घनफळाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. अशा काळात हिमाकडे निव्वळ पृष्ठभाग म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही. मेणाचा गुण सेकंदात मोजला गेला तेव्हा ते माप खोटे नव्हते. ते अपुरे होते, आणि अपुरे आहे हे लपवले जावे इतके अचूक होते. साहित्याच्या क्षेत्रात 'दर्जा' ह्या शब्दाचा जो व्यवहार चालतो त्यालाही हे वर्णन लागू पडेल. दर्जा म्हणजे पायरी. तो वस्तूंना एकमेकींच्या वर-खाली मांडतो. वस्तू कोणाचे काय करते हे तो सांगत नाही.

६

आता स्की करणाऱ्यांच्या सामानातल्या अशा एका वस्तूकडे वळतो, जी ह्या दोन्ही व्याख्यांना जुमानत नाही. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला शोधण्यासाठी छातीशी बांधावयाचे एक छोटे यंत्र असते. ते ४५७ किलोहर्ट्झ ह्या लहरीवर सतत संकेत पाठवीत असते. सोबत्यांपैकी कोणी गाडला गेला तर उरलेले आपापली यंत्रे संकेत घेण्याच्या स्थितीत आणतात, त्यांच्या साहाय्याने जागा शोधतात, लांब सळईने टोचून खोली ठरवतात आणि फावड्याने हिम उपसतात. वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात. त्यानंतर गुदमरून मृत्यू येण्याचा संभव झपाट्याने वाढतो. बाहेरून मदत येईपर्यंत ही मुदत सहसा संपलेली असते. वाचवू शकतात ते सोबतीच.

ह्या यंत्राचे वैशिष्ट्य असे, की ते ज्याच्या छातीला बांधलेले असते त्याला त्याचा एकट्याने काहीही उपयोग नसतो. गाडला गेलेला मनुष्य आपले यंत्र वापरू शकत नाही. माझ्या यंत्राचा गुण माझ्या सोबत्याच्या हातांत असतो आणि त्याच्या यंत्राचा माझ्या. मी ते विकत घेतो तेव्हा वस्तुतः एक वचन देतो: तू गाडला गेलास तर मी तुला शोधीन, आणि त्यासाठी लागणारा सराव मी हिवाळा सुरू होताच केलेला असेल. सर्वांत महागडे यंत्र जवळ बाळगून सराव न करणारा माणूस वाईट साधन वापरतो असे म्हणता येत नाही. तो वचन मोडतो. आणि यंत्र आहे म्हणून, एरवी टाळला असता असा उतार निवडणारा माणूस सोबत्याच्या वचनाची उधळपट्टी करतो. युरोपात १९९३ पासून हिमस्खलनाच्या धोक्याची पाच अंशांची समान श्रेणी वापरात आहे. तिच्या अभ्यासाची एक प्रमुख संस्था दाव्होसमध्येच आहे. परंतु श्रेणी केवळ माहिती देते. निघावे की थांबावे हे सोबतीने ठरवावयाचे असते, आणि त्यांतला सर्वांत संकोची माणूस 'मला हे बरे वाटत नाही' असे म्हणू शकतो की नाही, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

१९२९ च्या दाव्होसमध्ये असाच एक सोबतीचा प्रश्न होता आणि तो कोणी विचारला नाही. त्या परिषदेला एमान्युएल लेव्हिनास हा तरुण विद्यार्थी उपस्थित होता. विद्यार्थ्यांनी त्या वादावर जे प्रहसन केले त्यात केसांना पांढरी पूड लावून कासिरेरची नक्कल त्यानेच केली होती. पुढे १९३३ मध्ये कासिरेरला जर्मनी सोडावी लागली, आणि त्याच वर्षी हायडेगर नाझी पक्षाचा सभासद झाला. स्कीच्या कपड्यांवरून ह्या पुढच्या इतिहासाचे भाकीत करणे अन्यायाचे होईल. शेकडो माणसे स्कीच्या कपड्यांत वावरतात. तथापि साधनाचा विचार म्हणून त्या संध्याकाळीचा अर्थ लावता येतो. डोंगरावर जे कपडे ऊब देणारे साधन होते ते दिवाणखान्यात आले तेव्हा अलंकार झाले. 'मी अस्सल आहे आणि तुम्ही शहरी आहात' असे ते बोलू लागले. १९३४ मधल्या, आपण ग्रामीण भागातच का राहतो हे सांगणाऱ्या भाषणात हाच स्वर पुढे जाहीरपणे उमटला. हिमावर सरकणारा हा माणूस रुजण्याचे तत्त्वज्ञान सांगत होता, आणि ज्यांना त्याच्या मते रुजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्या तत्त्वज्ञानात जागा नव्हती.

लेव्हिनासने १९६१ च्या आपल्या ग्रंथात हायडेगरच्या साधनविचारावर जे आक्षेप घेतले त्यांतला एक असा, की माणूस आधी साधने वापरीत नाही, तो आधी अन्नावर, हवेवर, उन्हावर जगतो आणि त्यांत आनंद घेतो. भूक हायडेगरच्या जगात कोठे दिसत नाही. पहाटेपासून चालून आलेल्या, निवाऱ्यात दुपारी गरम रस्सा पिणाऱ्या कोणालाही हा आक्षेप चटकन पटेल. निर्देशांचे जे जाळे हातोडीपासून घरापर्यंत गेले होते ते आणखी एक पाऊल पुढे जावयास हवे होते: घरात राहणाऱ्यापासून त्याच्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्यापर्यंत.

७

संस्कृत काव्यशास्त्रात गुण कोठे असतात ह्यावर मोठा वाद झाला. वामनाने त्यांना काव्याची शोभा निर्माण करणारे धर्म मानले आणि ते शब्दार्थांत पाहिले. मम्मटाने भूमिका बदलली. शौर्य जसे शरीराचे नसून आत्म्याचे, तसे गुण हे शब्दांचे नसून रसाचे. शब्दांना ते उपचाराने लावले जातात, असे त्याने मांडले. आडदांड देह पाहून 'हा शूर दिसतो' असे आपण म्हणतो, पण ते म्हणणे खरे ठरते ते प्रसंग आल्यावर. साधनाच्या बाबतीतही मला मम्मटाची दिशा मान्य करावीशी वाटते, एवढ्याच पुरवणीने की येथे रसाच्या जागी माणूस, जग, वेळ आणि सोबत ह्यांची ती घटना आहे, जिच्यात साधन कामी येते.

ह्या विचाराला मराठी भाषेचा एक साधा प्रयोग आधार देतो. औषधाला 'गुण आहे' असे आपण क्वचित म्हणतो. औषधाचा 'गुण आला' असे नेहमी म्हणतो. तो बाटलीत नसतो, रोग्याच्या ठिकाणी येतो. आणि औषध तेच असूनही एखाद्या वैद्याच्या हाताला गुण असतो, दुसऱ्याच्या नसतो. वापसा येतो तसाच गुण येतो. तो येण्याची तयारी करता येते: कडा घासून ठेवता येतात, मेण निवडता येते, शोधयंत्राचा सराव करता येतो, पहाटे उठता येते. परंतु तयारी म्हणजे गुण नव्हे, आणि किंमत तर नव्हेच.

असे मानल्याने गुण व्यक्तिनिष्ठ होतो, ज्याला जे चांगले वाटेल ते चांगले, अशी शंका घेतली जाईल. ती रास्त नाही. वापसा कोणाच्या मर्जीवर नसतो. हिमावर काठी टोचली की ती रुतते किंवा रुतत नाही. ओढ्यात मेण उतरते किंवा उतरत नाही. गाडलेला सोबती वेळेत सापडतो किंवा सापडत नाही. वस्तूच्या गुणधर्मांपेक्षा ही कसोटी सैल नाही, उलट अधिक कठोर आहे, कारण तिच्यात वस्तूखेरीज आपलीही परीक्षा होते.

समीक्षेपुरते बोलावयाचे तर, कलाकृतीचा प्रश्न अवघड आणि साधनाचा सोपा, ही विभागणी आता टिकत नाही. साधनाचा गुण जर त्याच्या घडणीत पुरता मावत नसेल, तर कलाकृतीचा गुण तिच्या घाटात पुरता मावतो असे म्हणण्याचा आग्रह कोणत्या आधारावर धरावा? घाट लागतोच, बोथट कडेची पट्टी वापशातही निसटते. परंतु घाटाचे परीक्षण करून थांबणारा समीक्षक शिंप्यासारखा हमी देत राहतो, आणि त्याचे कापड कोणत्या उतारावर, कोणाच्या अंगावर आणि कोणत्या ऋतूत फाटले, ह्याची चौकशी दुसऱ्या कोणाला तरी करावी लागते. ती चौकशी समीक्षेच्याच कामाचा भाग आहे.